कुलेली लष्करी विद्यालय, इस्तंबूल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॉस्फरस सामुद्रधुनीच्या आशियाई काठावर, पाण्याला अगदी लागून, दोन टोकदार बुरुजांची एक लांबलचक पांढुरकी इमारत उभी आहे. तिच्या नावाने ओळखली जाणारी शाळा १८४५ पासून २०१६ पर्यंत चालली. या शाळेविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांतला निम्मा गोंधळ एकाच कारणामुळे होतो. शाळेचा इतिहास वेगळा आणि इमारतीचा इतिहास वेगळा. पण नाव एकच असल्यामुळे एकीच्या गोष्टी दुसरीच्या खात्यावर मांडल्या जातात. पुढील उत्तरांत हे दोन धागे शक्य तितके वेगळे ठेवले आहेत.

कुलेली ही नेमकी कोणत्या प्रकारची शाळा होती?

तुर्कस्तानच्या भूदलात अधिकारी होऊ पाहणाऱ्या मुलांसाठीची ती निवासी माध्यमिक शाळा होती. येथून उत्तीर्ण झालेला विद्यार्थी ‘हार्बिये’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या युद्धविद्यालयात जाई आणि तेथून अधिकारी होऊन बाहेर पडे. म्हणजे कुलेली ही अधिकारी घडवणारी शेवटची पायरी नव्हे, तर तिच्या आधीची पायरी होती. बातम्यांत आणि प्रवासवर्णनांत तिला सरसकट ‘मिलिटरी अकॅडमी’ म्हटले जाते ते चुकीचे आहे.

‘कुलेली’ या नावाचा अर्थ काय?

तुर्की भाषेत त्याचा अर्थ ‘बुरूज असलेली’ एवढाच आहे. या जागी पूर्वी राजघराण्याची बाग होती आणि तिच्यात एक बुरूज होता, असे सांगतात. त्याला जोडून एक दंतकथाही सांगितली जाते. पहिल्या सेलिमने आपल्या मुलाला, म्हणजे पुढच्या सुलेमान सुलतानाला, ठार करण्याचा हुकूम दिला; परंतु बागेच्या प्रमुखाने त्या मुलाला या बुरुजात लपवून वाचवले, अशी ती कथा आहे. कथा सुरस आहे, पण तिला इतिहास मानण्याचे कारण नाही. आज दिसणारे दोन बुरूज तर एकोणिसाव्या शतकातल्या लष्करी बराकीचे आहेत.

शाळेचे पहिले नाव मात्र कुलेली नव्हतेच. ते होते ‘मेक्तेब-इ फुनून-इ इदादिये’. यातला ‘मेक्तेब’ म्हणजे आपल्या ओळखीचा ‘मकतब’, ‘फुनून’ हे ‘फन’ या शब्दाचे अनेकवचन, आणि ‘इदादी’ म्हणजे पूर्वतयारीचे. पूर्वतयारीच्या विद्यांची शाळा, असा एकूण अर्थ झाला. जाता जाता सांगायचे तर तुर्कीतला ‘अस्केर’ आणि मराठीतला ‘लष्कर’ हे दोन शब्दही एकाच घरचे आहेत. फारसी ‘लष्कर’ अरबीत जाऊन ‘अस्कर’ झाला आणि तेथून तो तुर्कीत पोहोचला.

ऑटोमन साम्राज्याला अशी शाळा काढण्याची गरज का भासली?

१८२६ मध्ये दुसऱ्या महमूद सुलतानाने जानिसारी ही जुनी फौज मोडून काढली आणि युरोपीय पद्धतीची नवी फौज उभारायला घेतली. नव्या फौजेला नवे अधिकारी हवेत, म्हणून १८३४ मध्ये युद्धविद्यालय निघाले. पण तिथे एक साधी अडचण आली. दाखल होणाऱ्या मुलांचे पायाभूत शिक्षणच झालेले नव्हते. ज्यांना तोफखान्याचे गणित आणि तटबंदीची भूमिती शिकवायची, त्यांना आधी लिहिणे, वाचणे आणि साधा हिशेब शिकवावा लागे, आणि वरच्या वर्गांची बरीच वर्षे त्यातच खर्च होत. अब्दुलमजीद सुलतानाच्या काळात यावर तोडगा निघाला, तो असा की पूर्वतयारीचे वर्ग युद्धविद्यालयातून वेगळे काढून त्यांची स्वतंत्र शाळा करावी. त्याप्रमाणे २१ सप्टेंबर १८४५ रोजी इस्तंबूलमध्ये ही शाळा सुरू झाली. बुर्सा, मनास्तिर, दमास्कस अशा, सैन्याची मोठी ठाणी असलेल्या शहरांतही त्याच धर्तीवर शाळा निघाल्या. पुढे त्यांच्याही खाली ‘रुश्दिये’ या लष्करी पूर्वमाध्यमिक शाळा आल्या आणि रुश्दिये, इदादी, हार्बिये अशी तीन पायऱ्यांची शिडी तयार झाली.

या शिडीचा परिणाम केवळ लष्करी नव्हता. लहान गावातल्या, बेताच्या परिस्थितीतल्या मुलाला राजधानीपर्यंत आणि थेट सत्तेच्या दारापर्यंत नेणारी ती वाट होती. तुर्कस्तानच्या राजकारणात अधिकारीवर्गाला जे वजन आले त्याचे मूळ शोधायचे असेल तर लढायांच्या आधी या शाळांकडे पाहावे, असे आमचे मत आहे.

शाळा पहिल्यापासून बॉस्फरसकाठच्या याच इमारतीत होती का?

नाही. शाळा सुरू झाली ती शहराच्या युरोपीय भागात, माचका येथे. कुलेलीची इमारत ही मूळची घोडदळाची बराक असून तिच्या बांधणीशी बाल्यान या प्रसिद्ध आर्मेनियन वास्तुकार घराण्यातील गाराबेत बाल्यान यांचे नाव जोडले जाते. शाळा या बराकीत आली १८७२ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर तब्बल २७ वर्षांनी.

आल्यानंतरही ती तेथे सलग राहिली नाही. १८७७-७८ च्या रशिया-तुर्कस्तान युद्धात इमारतीचे रुग्णालय झाले. १९१२-१३ च्या बाल्कन युद्धात पुन्हा तेच झाले आणि मुलांचे वर्ग आसपासच्या दुसऱ्या इमारतींत भरले. पहिल्या महायुद्धानंतर इस्तंबूल दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात गेले, तेव्हाची अवस्था सर्वांत वाईट होती. १९२० मध्ये इमारत रिकामी करून द्यावी लागली आणि तेथे आर्मेनियन अनाथ मुलांची सोय करण्यात आली. विद्यार्थी कागिथाने येथे तंबूंत गेले. ज्या अनाथ मुलांचे घरदार याच साम्राज्याच्या राजवटीत उद्ध्वस्त झाले होते ती बराकीत, आणि त्याच साम्राज्याचे भावी अधिकारी तंबूंत, अशी ती उलटापालट होती. ६ ऑक्टोबर १९२३ रोजी तुर्की सैन्य इस्तंबूलमध्ये परतले आणि त्यानंतर शाळाही आपल्या इमारतीत आली.

शेवटचे मोठे स्थलांतर दुसऱ्या महायुद्धातले. तुर्कस्तान तटस्थ होता, परंतु १९४१ च्या वसंतात जर्मन सैन्य बल्गेरिया आणि ग्रीसपर्यंत येऊन ठेपले होते आणि तेथून इस्तंबूल फार दूर नव्हते. शाळा अनातोलियाच्या आत, कोन्या येथे हलवण्यात आली आणि १९४७ मध्ये परत आणली गेली. या काळात ज्यांचे सगळे शिक्षण कोन्यात झाले, तेही स्वतःला ‘कुलेलीकर’च म्हणवून घेत, कारण नाव इमारतीचे असले तरी ते तोवर शाळेला पुरते चिकटले होते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे रुग्णालय ते हेच का?

नाही, पण दोहोंचा संबंध आहे. नाइटिंगेल ४ नोव्हेंबर १८५४ रोजी ज्या रुग्णालयात पोहोचल्या ते उस्कुदार येथील सेलिमिये बराकीत होते. इंग्रजी लिखाणात त्या जागेचा उल्लेख ‘स्कुतारी’ असा येतो. रशियाविरुद्ध क्रिमियात चाललेल्या युद्धातून जखमी आणि आजारी सैनिकांची रीघ लागली आणि तेथे जागा पुरेना, तेव्हा १८५५ च्या आरंभी कुलेलीची बराकही ब्रिटिशांनी रुग्णालयासाठी वापरायला घेतली.

तेथे काम करणाऱ्या परिचारिका मुख्यतः मेरी स्टॅन्ली यांच्याबरोबर आलेल्या दुसऱ्या तुकडीतल्या होत्या आणि त्यांत आयर्लंडच्या कॅथलिक जोगिणींचाही समावेश होता. ही तुकडी आपल्याला न विचारता पाठवली म्हणून नाइटिंगेल नाराज होत्या आणि कुलेलीच्या कारभाराची जबाबदारी त्यांनी पुढे स्वतःवर ठेवली नाही. १८५५ च्या फेब्रुवारीत कुलेलीतले मृत्यूचे प्रमाण स्कुतारीपेक्षाही जास्त होते. गटारांची आणि हवा खेळती राहण्याची व्यवस्था सुधारण्यासाठी इंग्लंडहून स्वच्छता आयोग आला आणि त्यानंतर दोन्हीकडचे आकडे झपाट्याने खाली आले. शाळेचा या प्रकरणाशी काही संबंध नाही, कारण ती तेव्हा या इमारतीत आलेलीच नव्हती.

‘कुलेली प्रकरण’ म्हणजे विद्यार्थ्यांचे बंड होते का?

हा गैरसमज फार पसरलेला आहे. १८५९ मध्ये अब्दुलमजीद सुलतानाला पदच्युत करण्याचा एक कट उघडकीस आला. शेख अहमद नावाचे एक धर्मपंडित त्याचे सूत्रधार होते आणि काही वरिष्ठ लष्करी अधिकारी त्यात सामील होते. पकडलेल्यांची चौकशी कुलेलीच्या बराकीत झाली, म्हणून इतिहासात त्याला ‘कुलेली प्रकरण’ असे नाव पडले. आरोपींपैकी जाफर पाशा नेले जात असताना बॉस्फरसमध्ये उडी घेऊन बुडाले. इतरांना झालेल्या मृत्युदंडाच्या शिक्षा सुलतानाने सौम्य केल्या.

हा कट कशासाठी होता, यावर इतिहासकारांत एकमत नाही. १८५६ च्या फर्मानाने मुस्लिमेतर प्रजेला दिलेल्या समान हक्कांविरुद्धचा हा धार्मिक उद्रेक होता, असे काही मानतात. तर सुलतानाच्या उधळपट्टीला आणि अनियंत्रित सत्तेला आळा घालण्याचा तो पहिला प्रयत्न होता, असे दुसरे सांगतात. पहिले मत आम्हांला अधिक पटते. मत कोणतेही असो, शाळकरी मुलांचा त्यात काडीचाही हात नव्हता. शाळा तेथे येण्यास अजून १३ वर्षे अवकाश होता.

तुर्की प्रजासत्ताकाचे संस्थापक मुस्तफा केमाल अतातुर्क कुलेलीत शिकले का?

नाही. ते याच साखळीतल्या दुसऱ्या शाळांत शिकले. सालोनिकाच्या लष्करी रुश्दियेत असताना गणिताच्या शिक्षकांनी त्यांना ‘केमाल’ हे दुसरे नाव दिले. शिक्षकांचे नावही मुस्तफाच होते. पुढे १८९६ मध्ये ते मनास्तिरच्या लष्करी इदादीत गेले. ते शहर आज उत्तर मॅसिडोनियात असून त्याचे नाव बितोला आहे. १३ मार्च १८९९ रोजी त्यांनी इस्तंबूलच्या युद्धविद्यालयात प्रवेश घेतला.

युद्धविद्यालयातला त्यांचा क्रमांक होता १२८३. आजही त्या विद्यालयाच्या समारंभांत हजेरी घेताना हा क्रमांक पुकारला जातो, क्षणभर शांतता होते आणि मग सगळे छात्र एका आवाजात उत्तर देतात, ‘इचिमिझदे!’ म्हणजे ‘तो आमच्यात आहे!’ ही प्रथा युद्धविद्यालयाची आहे. अतातुर्क कुलेलीचे विद्यार्थी होते, असे जे मानले जाते, त्यामागे बहुधा कुलेली आणि हार्बिये या दोन संस्थांची गल्लत असावी.

येथे काय शिकवले जाई, आणि महाराष्ट्राशी या इतिहासाचा काही संबंध आहे का?

एकोणिसाव्या शतकात गणित, भूमिती, इतिहास, भूगोल, चित्रकला आणि फ्रेंच यांवर भर असे. परकीय भाषा फ्रेंच असण्याचे कारण उघड आहे. नव्या लष्करी विद्येची बहुतेक पुस्तके त्या भाषेत होती. १८८३ मध्ये कोल्मार फॉन डेर गोल्ट्झ हे जर्मन अधिकारी ऑटोमन लष्करी शिक्षणाची पुनर्रचना करण्यासाठी आले आणि सुमारे १२ वर्षे राहिले. त्यांच्या काळात जर्मन वळण आले आणि अधिकाऱ्यांची एक अख्खी पिढी त्यांना गुरू मानू लागली.

महाराष्ट्राशी संबंध येतो तो या गोल्ट्झ पाशांमुळे. पहिल्या महायुद्धात, वयाची सत्तरी उलटल्यावर, त्यांच्याकडे मेसोपोटेमियातल्या सहाव्या ऑटोमन सैन्याचे नेतृत्व देण्यात आले. डिसेंबर १९१५ मध्ये या सैन्याने कुत अल अमारा येथे ज्या फौजेला वेढा घातला ती ब्रिटिश हिंदुस्थानी सैन्याची सहावी ‘पूना डिव्हिजन’ होती आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. वेढा १४७ दिवस चालला. आत घोडे मारून खाण्याची वेळ आली. १९ एप्रिल १९१६ रोजी गोल्ट्झ बगदादमध्ये मरण पावले आणि त्यानंतर दहाच दिवसांनी, २९ एप्रिलला, सुमारे १३,००० सैनिकांनी शस्त्रे खाली ठेवली. बंदिवासाच्या वाटचालीत आणि छावण्यांत त्यांतले हजारो जण दगावले. समोरच्या बाजूचे सेनापती हलील पाशा याच लष्करी शिक्षणव्यवस्थेतून पुढे आलेले होते. प्रजासत्ताकात आडनावे सक्तीची झाली तेव्हा त्यांनी ‘कुत’ हेच आडनाव घेतले. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या ज्या घरांत ‘पणजोबा बसऱ्याला गेले होते’ असे सांगतात, त्या घरांनी या शाळांचा इतिहास परका मानू नये.

प्रजासत्ताक आल्यावर शाळेत काय बदलले?

मार्च १९२४ च्या शिक्षण एकीकरण कायद्याने देशातील सर्व शाळा शिक्षण मंत्रालयाखाली आणल्या आणि त्यात लष्करी शाळाही गेल्या. शाळेचे नाव तेवढ्यापुरते नुसते ‘कुलेली लिसेसी’, म्हणजे कुलेली माध्यमिक शाळा, एवढेच राहिले. पुढच्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन लष्करी शाळा संरक्षण मंत्रालयाकडे परतल्या आणि ‘कुलेली अस्केरी लिसेसी’ हे नाव रूढ झाले. एकीकरणाच्या तत्त्वाला पडलेला हा पहिला अपवाद होता, आणि तो लष्करासाठी केला गेला, ही बाब नोंदवण्यासारखी आहे.

कुलेलीचे प्रसिद्ध माजी विद्यार्थी कोण?

तुर्कस्तानचे चौथे राष्ट्राध्यक्ष जेमाल गुर्सेल आणि पाचवे राष्ट्राध्यक्ष जेवदेत सुनाय हे दोघेही कुलेलीचे. दोघांच्याही तरुणपणी पॅलेस्टाइनची आघाडी आणि ब्रिटिशांची कैद आली. निकोसियात जन्मलेले आणि पुढे कडव्या राष्ट्रवादी पक्षाचे नेते झालेले आल्पार्सलान तुर्केश हेही १९३० च्या दशकातले विद्यार्थी.

आम्हांला मात्र या यादीत सर्वांत रंजक वाटतात ते विनोदी लेखक अझीझ नेसिन. त्यांचे खरे नाव मेहमेत नुसरेत. १९३५ मध्ये ते कुलेलीतून उत्तीर्ण झाले. त्याच्या आदल्याच वर्षी आडनावाचा कायदा झाला होता आणि जो तो शूर, पोलादी, सिंहासारखी आडनावे घेण्यासाठी धावत होता. चांगली आडनावे सगळी संपली, म्हणून आपण ‘नेसिन’ घेतले, असे ते सांगत. तुर्कीत ‘नेसिन’ म्हणजे ‘तू काय आहेस?’ लोक हाक मारतील तेव्हा आपण काय आहोत याचा विचार करावा लागेल, ही त्यामागची गंमत. लष्करी शिस्तीच्या शाळेतून देशाचा सर्वांत खट्याळ लेखक निघाला; १९४४ मध्ये त्यांचा आणि लष्कराचा संबंध संपला आणि पुढे लेखनापायी ते अनेकदा तुरुंगात गेले.

आपल्याकडच्या सैनिक स्कूलशी तिची तुलना करता येईल का?

काही अंशी. १९६१ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या सैनिक स्कूलप्रमाणे कुलेलीतही मुले निवासी राहत आणि गणवेश व कवायत रोजची असे. फरक बांधिलकीत आहे. सैनिक स्कूलच्या विद्यार्थ्याला खडकवासल्याच्या एनडीएसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागते आणि बारावीनंतर तो डॉक्टर किंवा वकील होण्यास मोकळा असतो. कुलेलीच्या विद्यार्थ्याचा सगळा खर्च सरकार करी, युद्धविद्यालय हेच त्याचे ठरलेले पुढचे ठिकाण असे आणि मधूनच शाळा सोडली तर भरपाई द्यावी लागे. चौदाव्या-पंधराव्या वर्षी घेतलेला हा निर्णय पुढे बदलणे सोपे नव्हते.

लष्करी बंडांशी या शाळेचे नाव का जोडले जाते?

२७ मे १९६० च्या बंडानंतर राष्ट्रप्रमुख झाले ते गुर्सेल, आणि त्या बंडाची घोषणा रेडिओवर वाचली ती तुर्केश यांनी, दोघेही कुलेलीचे. पण शाळेने शाळा म्हणून त्यात भाग घेतला नव्हता. छात्रांना थेट रस्त्यावर उतरवण्याचा प्रकार १९६३ च्या मे महिन्यात घडला, तो अंकाऱ्याच्या युद्धविद्यालयात. कर्नल तलात आयदेमिर यांचे ते बंड फसले, त्यांना पुढच्या वर्षी फाशी झाली आणि १४५९ छात्रांना विद्यालयातून काढून टाकण्यात आले. वरिष्ठांची आज्ञा पाळणे हा गुन्हा केव्हा ठरतो, हा प्रश्न त्या वेळी या तरुणांच्या वाट्याला आला. २०१६ मध्ये तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला, आणि या वेळी काही जण तर शाळकरी वयाचे होते.

१५ जुलै २०१६ च्या रात्री काय झाले?

त्या रात्री सैन्यातल्या एका गटाने सरकार उलथवण्यासाठी बंड केले आणि बंडखोर सैनिकांनी बॉस्फरसवरचा पहिला पूल अडवला. कुलेली त्याच काठावर, पुलापासून थोड्याच अंतरावर आहे. त्यामुळे शाळेचा परिसर बंडखोरांच्या हालचालींचे एक ठाणे बनला. शेजारच्या चेंगेलकय वस्तीत, पोलीस चौकीच्या आसपास, सैनिक आणि रस्त्यावर उतरलेले रहिवासी समोरासमोर आले आणि गोळीबारात माणसे मेली. छायाचित्रकार मुस्तफा जांबाझ हे त्यांपैकी एक. बंड फसल्यावर शाळेतील अधिकाऱ्यांना अटक झाली आणि काही अल्पवयीन विद्यार्थ्यांनाही ताब्यात घेण्यात आले. त्या पुलाचे नाव आता ‘१५ जुलै हुतात्मा पूल’ असे आहे.

शाळा कोणत्या निर्णयाने बंद झाली, आणि विद्यार्थ्यांचे काय झाले?

आणीबाणीच्या काळात ३१ जुलै २०१६ रोजी निघालेल्या ६६९ क्रमांकाच्या अध्यादेशाने देशातील सर्व लष्करी माध्यमिक शाळा एका फटक्यात बंद झाल्या. कुलेलीबरोबर इझ्मीरची माल्तेपे, बुर्साची इशिक्लार आणि हेबेलियादा बेटावरची नौदल शाळा यांचाही शेवट झाला; कवी नाझिम हिकमत त्या बेटावरच्या शाळेचे विद्यार्थी होते. फेतुल्ला गुलेन या धर्मोपदेशकाच्या अनुयायांनी प्रवेशपरीक्षेच्या प्रश्नपत्रिका फोडून वर्षानुवर्षे या शाळांत आपली मुले घुसवली, असा सरकारचा आरोप होता. बंडाशी आपला संबंध असल्याचे गुलेन यांनी नाकारले होते.

विद्यार्थ्यांना सर्वसाधारण शाळांत पाठवण्यात आले. त्याच अध्यादेशाने राष्ट्रीय संरक्षण विद्यापीठ स्थापन झाले आणि युद्धविद्यालये त्याच्या छत्राखाली आली. पहिले कुलगुरू म्हणून लष्करी अधिकारी नव्हे, तर एरहान आफ्योंजू हे इतिहासाचे प्राध्यापक नेमले गेले. आता कोणत्याही शाळेतून माध्यमिक शिक्षण पूर्ण केलेला विद्यार्थी या विद्यापीठाची परीक्षा देऊन युद्धविद्यालयात जाऊ शकतो. म्हणजे तीन पायऱ्यांच्या त्या जुन्या शिडीची आता वरची एकच पायरी उरली आहे. फुटलेल्या प्रश्नपत्रिकांचा दोष सगळ्या शाळेवर लादणे योग्य होते का, याबद्दल माजी विद्यार्थ्यांत कडवट भावना आहे, आणि ती समजण्यासारखी आहे.

इमारत पाहायची असेल तर ती कोठून दिसते?

पाण्यावरून. आपल्याकडून इस्तंबूलला जाणाऱ्या सहलींत बॉस्फरसची बोटफेरी बहुधा असतेच. बोट पहिल्या पुलाखालून उत्तरेकडे निघाली की उजव्या हाताला, पुलाच्या पायथ्याशी, बेयलरबेयी राजवाडा लागतो. त्यानंतर जुन्या लाकडी घरांचे चेंगेलकय येते आणि ते संपता संपता कुलेलीची लांब दर्शनी बाजू सुरू होते: खिडक्यांच्या सरळ ओळी, दोन्ही अंगांना टोकदार टोप्यांचे बुरूज, मागे हिरवी टेकडी. बोटीच्या उजव्या कठड्याशी आधीच जागा धरून ठेवावी, कारण इमारत लांब असली तरी बोट ती पाहता पाहता मागे टाकते आणि पुढे वानिकय, कांदिल्ली लागते.